कांपान्योलो ‘नुओव्हो रेकॉर्ड’ : जुना संच सुटा करून पाहताना

गेल्या ऑक्टोबरमध्ये मिलानजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मी रेसिंग सायकलच्या भागांचा एक वापरलेला संच विकत घेतला. कांपान्योलो या इटालियन कंपनीच्या ‘नुओव्हो रेकॉर्ड’ मालिकेतले दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), क्रँक (पॅडलचे दांडे) व बॉटम ब्रॅकेट (ज्यात क्रँकचा एक्सल फिरतो), हेडसेट (हँडलचे बेअरिंग), पुढचा आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे भाग), फ्रेमच्या नळीवर बसणाऱ्या गियरच्या दांड्या, ब्रेक आणि सीट पोस्ट अशा सगळ्याचे मिळून विक्रेत्याने 450 युरो सांगितले आणि घासाघीस होऊन सौदा 380 वर ठरला. आपल्याकडे या नावाचा उच्चार सर्रास ‘कॅम्पॅग्नोलो’ असा केला जातो. इटालियन माणसासमोर तो केल्यास भाव आपोआप चढतो, असा माझा अनुभव आहे.

हिवाळाभर हा संच एकेक भाग उघडून, धुऊन आणि मोजून पाहिल्यानंतर, आणि वसंतात तो सुमारे 700 किलोमीटर चालवल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझी नोकरीची पहिली दहा वर्षे भोसरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली, त्यामुळे कोणताही चकचकीत भाग हातात आला की तो उलटा करून पाठीमागून पाहण्याची खोड लागलेली आहे. ही खोड जुन्या सायकलींच्या बाजारात फार उपयोगी पडते, कारण तिथे किंमत ठरते ती समोरून दिसणाऱ्या गोष्टींवर आणि गुणवत्ता असते ती छर्रे जिथे फिरतात त्या ठिकाणी.

इतिहास थोडक्यात सांगतो. तुल्लियो कांपान्योलो या सायकलपटूने 1933 मध्ये विचेन्झा येथे कारखाना काढला, आणि पाना न वापरता चाक काढता येणारी क्विक रिलीजची दांडी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध काम. आधीचा ‘रेकॉर्ड’ डिरेलर ब्राँझचा आणि जड होता. 1967 मध्ये तोच अॅल्युमिनियममध्ये आला आणि त्याला ‘नुओव्हो’ म्हणजे नवा हे विशेषण लागले. पुढे दीड दशकाहून अधिक काळ शर्यतींच्या जगात या भागांचे जवळजवळ राज्य होते. ही मालिका इतकी वर्षे फारशी न बदलता निघाल्यामुळे आजही तिचे भाग मुबलक मिळतात. मात्र 1997 मध्ये तोस्कानातील गायोले इन कियांती या गावी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाल्यापासून मागणी वाढत गेली. 1987 च्या आधीच्या बांधणीची सायकल, गियर नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून, असा त्या फेरीचा दंडक आहे आणि नुओव्हो रेकॉर्ड त्यात चपखल बसतो.

संच प्रथम पाहिला तेव्हा तो आरशासारखा चमकत होता, आणि मला पहिली शंका तिथेच आली. कारखान्यातून निघालेल्या क्रँकवर अॅनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने चढवलेल्या संरक्षक ऑक्साइडचा) पातळ थर असतो आणि त्याची चमक किंचित मऊ, रेशमी असते; भांड्यांच्या दुकानातल्या स्टीलसारखा लखलखाट दिसला, तर कोणीतरी तो थर घालवून बफ मारलेला आहे, असे समजावे. खात्री करायची असल्यास कोरलेली अक्षरे पाहावीत. बफ मारलेल्या भागावर अक्षरांच्या कडा गोलसर होतात, बारीक रेषा उथळ होतात आणि पंख असलेल्या चाकाचे बोधचिन्ह झिजलेल्या नाण्यासारखे दिसू लागते. सौंदर्यापेक्षा गंभीर मुद्दा वेगळा आहे. बफच्या चाकाखाली अॅल्युमिनियमचा वरचा थर लोण्यासारखा पसरतो आणि एखादी केसाएवढी भेग असेल तर तिचे तोंड बुजवून टाकतो, त्यामुळे चमकवलेला क्रँक हा न चमकवलेल्यापेक्षा तपासायला अवघड असतो. माझ्या संचात क्रँक बफ केलेले होते, हब मात्र मूळ अवस्थेत होते. विक्रेत्याने दोन्हींचे वर्णन ‘जवळपास न वापरलेले’ असेच केले होते.

वय ठरवणे त्या मानाने सोपे. मागच्या डिरेलरच्या अंगावर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असतात आणि ते साधारणपणे निर्मितीचे वर्ष धरले जाते. माझ्या डिरेलरवर 76 आहे. हबच्या लॉक नटवरही असाच शिक्का सापडतो. क्रँकच्या पाठीमागे खूण असते, पण ती फक्त 1973 नंतरच्या क्रँकवर. जपानी शिमानोच्या भागांवर याच कामासाठी दोन रोमन अक्षरे असतात, ज्यात पहिले अक्षर वर्षाचे, 1976 पासून ‘ए’ असे मोजत, आणि दुसरे महिन्याचे. संचातले सगळे भाग एकाच वर्षाचे असावेत, हा आग्रह संग्राहकांचा आहे. ज्याला सायकल चालवायची आहे, त्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

आता हबकडे वळतो, कारण या मालिकेत पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथे. मागचा हब हातात घेऊन एक्सल दोन बोटांनी सावकाश फिरवला, तेव्हा तो फिरत होता, पण वाळूचे दोन-चार कण मध्ये सापडावेत तसा चुरचुरत होता. उघडल्यावर जुने ग्रीस पिवळट मेणासारखे घट्ट झालेले निघाले. प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ असे अठरा छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले. पुण्याच्या पेठेतल्या दुकानात ओव्हरहॉलिंगला बसलेला मिस्त्री जे करतो, अगदी तेच; आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरचा हब आणि हा हब यांची रचना एकच आहे, हबमधली वाटी म्हणजे कप आणि एक्सलवरचा निमुळता भाग म्हणजे कोन, यांच्यामध्ये मोकळे छर्रे. फरक आहे तो पोलादाच्या जातीचा आणि घासकामाचा. धुतलेला कप उजेडात तिरका धरला, तेव्हा छर्ऱ्यांनी पन्नास वर्षांत उमटवलेली वाट एखाद्या बारीक, एकसारख्या राखाडी रेघेसारखी दिसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मूळचा आरसा तसाच होता. बॉलपेनचे टोक त्या रेघेवरून हलकेच फिरवले, तर ते कुठेही अडखळले नाही. ही चाचणी कोणालाही घरी करता येते आणि भिंगापेक्षा जास्त खरे सांगते.

कोनवर मात्र पेन अडखळले. फ्री व्हीलच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूच्या कोनवर सुमारे चार मिलिमीटरच्या पट्ट्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले होते आणि दुसऱ्या बाजूचा कोन त्या मानाने बरा होता. कोनच आधी का जातो, हे समजून घेतले की जुना हब तोलताना घाबरायला होत नाही. कप चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे त्याच्या वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू आळीपाळीने भार घेतो. कोन मात्र एक्सलवर स्थिर असतो आणि सायकलस्वाराचे वजन वर्षानुवर्षे त्याच्या खालच्या भागावर पडत राहते. शिवाय कोनचा पृष्ठभाग बाहेर फुगलेला असल्याने छर्रा त्याला अगदी लहान जागेत टेकतो आणि ताण वाढतो. कोन बदलता येतो, तो नवा किंवा जुना सुटा मिळतो. कप हबच्या अंगात दाबून बसवलेला असल्याने तो बदलणे हे जिकिरीचे काम आहे. म्हणून नियम असा, की खराब कोनमुळे भाव पाडून मागावा आणि खराब कप असल्यास हब परत ठेवावा. मी दोन्ही कोन बदलले, छर्रे सगळे नवे घातले (जुने छर्रे पुन्हा घालण्याची काटकसर कोणी करू नये), आणि घट्ट करताना एक्सलला किंचित खेळ ठेवला, कारण क्विक रिलीजची दांडी आवळली की एक्सल दाबला जाऊन तो खेळ नाहीसा होतो. हातात खेळ नसलेला हब सायकलवर बसवल्यावर जास्त घट्ट होतो आणि नवे कोनही अशाने वर्षभरात खड्ड्यांत जातात.

हबच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे, ती म्हणजे फ्लँजवरची (हबच्या दोन्ही टोकांच्या रुंद कडांवरची) तारांची भोके. तारांच्या डोक्यांनी तिथे आपापले वळ उमटवलेले असतात. ते वळ दोन वेगवेगळ्या दिशांना दिसले, तर चाक पुन्हा विणताना पद्धत बदललेली आहे, आणि दोन भोकांच्या मधली भिंत तिथे कमजोर झालेली असू शकते. माझ्या हबवर वळांची एकच जोडी होती. तेल सोडण्याच्या भोकावरची स्प्रिंगची छोटी पट्टीही जागेवर होती, जी बहुतेक वेळा हरवलेली असते. हे हब आज चाकात आहेत आणि चाक उचलून सोडले, की ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या वजनाने ते स्वतःहून फिरून व्हॉल्व्ह खाली आणून थांबते.

क्रँकची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे कौतुक बाजूला ठेवून बोलले पाहिजे. या मालिकेतील क्रँकची एक कमजोर जागा सायकलवाल्यांना चांगली माहीत आहे. उजव्या क्रँकच्या दांड्याला लागून चेन रिंग (पुढची दातेरी चकती) धरणारे जे दोन हात निघतात, त्यांच्या आणि दांड्याच्या बेचक्यात एक टोकदार कोपरा राहिलेला आहे. पॅडल दाबताना त्या कोपऱ्यात ताण साचतो. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली राहिला, तर भाग जवळपास कितीही आवर्तने सहन करतो; अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, त्याला प्रत्येक दाब मोजून ठेवण्याची सवय असते. तेव्हा पन्नास वर्षांचा अॅल्युमिनियमचा क्रँक किती किलोमीटर चालला आहे, हे त्याच्या चमकेवरून सांगता येत नाही, आणि भेग सुरू होते ती नेमकी या बेचक्यात.

मी तपासणी कारखान्यातल्या पद्धतीने केली. बफ केलेला पृष्ठभाग आधी सौम्य रसायनाने किंचित खाऊ दिला, म्हणजे बुजलेल्या भेगांची तोंडे उघडतात. मग लाल पेनेट्रंट फवारून पंधरा मिनिटे थांबलो, कापडाने तो पूर्ण पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. भेग असल्यास तिच्यात शिरलेला लाल रंग या पांढऱ्या भुकटीवर रेघेच्या रूपाने परत वर येतो. माझ्या क्रँकच्या बेचक्यांत काही आले नाही. पॅडलच्या भोकाभोवती, जिथे दुसरी भेग सुरू होऊ शकते, तिथेही नाही. त्यानंतर मी गोल कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने तो टोकदार कोपरा थोडा गोलावून घेतला, हा उपाय जाणकार बऱ्याच वर्षांपासून करत आले आहेत. तीन फवाऱ्यांचा हा संच कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतो आणि दवाखान्याच्या बिलाच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य आहे. हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका वेगळ्याच बनावटीचा क्रँक केवळ नखाने चाचपून मी सायकलला लावला होता. तो चढावर उभे राहून पॅडल मारताना तुटला आणि त्याची खूण अजून माझ्या पोटरीवर आहे.

भेग नसली तरी क्रँकचे चौकोनी भोक तपासावे लागते. क्रँक एक्सलच्या निमुळत्या चौकोनावर दाबून बसतो आणि वारंवार काढ-घाल केल्याने भोक मोठे होत जाते. तो नीट आवळल्यानंतर एक्सलचे टोक बोल्टच्या वॉशर बसण्याच्या जागेपासून स्पष्टपणे आत राहिले पाहिजे; ते त्या पातळीला आले असेल, तर बोल्ट क्रँकला न दाबता एक्सललाच दाबतो आणि क्रँक पुन्हा पुन्हा ढिला होतो. इटालियन आणि जपानी निमुळतेपणाची मापेही वेगळी आहेत, इटालियन पद्धतीचा क्रँक जपानी एक्सलवर सुमारे चार-साडेचार मिलिमीटर बाहेर राहतो आणि चेनची रेषा बिघडते. एक्सल कोणता आहे, हे त्याच्या मधोमध कोरलेले असते: 68 ने सुरू होणारा इंग्लिश मापाच्या फ्रेमचा, 70 ने सुरू होणारा इटालियन फ्रेमचा. माझा 70 चा आहे. कपच्या तोंडाशी आतून नागमोडी आटे कापलेले आहेत, जे एक्सल फिरताना आत येऊ पाहणारी धूळ बाहेर ढकलतात. असे बारीकसारीक काम पाहिले की या कारखान्याबद्दल आदर वाटतो.

फ्रेंच भागांविषयी एवढेच सांगतो की, क्रँक काढण्याच्या पुलरचे आटे सर्वत्र 22 मिलिमीटरचे असले, तरी स्ट्राँगलाइट या कंपनीच्या जुन्या क्रँकचे 23.35 आणि टीए या कंपनीचे 23 मिलिमीटरचे असतात. चुकीचा पुलर जबरदस्तीने घुसवून आटे खाल्लेले क्रँक बाजारात ढिगाने पडलेले असतात, म्हणून धुळीची टोपी काढून आत पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

हेडसेटमध्ये मला फसगत सापडली. सायकलचे पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले, तर ते बरोबर मधोमध आल्यावर एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडकत होते. सरळ रस्त्यावर हँडल तासन् तास एकाच जागी राहते, धक्क्यांच्या बारीक थरथरीने छर्ऱ्यांखालचे ग्रीस निघून जाते आणि छर्रे खालच्या रेसमध्ये (ज्या पृष्ठभागावर ते फिरतात त्यात) आपापल्या वाट्या कोरून बसतात. सुटा हेडसेट हातात फिरवून हा दोष सहसा कळत नाही, तो उघडूनच पाहावा लागतो, आणि मी बाजारात तो उघडला नव्हता. पिंजऱ्यातले छर्रे काढून मोकळे छर्रे घातले, त्यांची संख्या बदलल्याने ते जुन्या वाट्यांत एकाच वेळी बसत नाहीत, आणि काम भागले. हा तात्पुरता उपाय आहे, हे मला मान्य आहे.

मागचा डिरेलर हा या संचातला सर्वांत प्रसिद्ध भाग आणि माझ्या मते सर्वांत जास्त किंमत लावला जाणारा. बांधणीत तो निर्दोष आहे. चेनच्या दोन पुली धरणाऱ्या पिंजऱ्याचे खालचे टोक धरून आडवे हलवले, तर पन्नास वर्षांनंतरही सांध्यांत जेमतेम खेळ जाणवतो. त्याच काळातल्या सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीच्या डेल्रिन प्लास्टिकच्या डिरेलरना वयानुसार तडे जातात, तसला प्रश्न इथे नाही. पण गियर बदलण्याचे काम हा डिरेलर त्याच्या कीर्तीइतके चांगले करत नाही, आणि कारण झीज नसून भूमिती आहे. त्याच्या सांध्यांचा चौकोन आडवा सरकतो, तर फ्री व्हीलचे दाते उतरत्या पायऱ्यांसारखे असतात. त्यामुळे लहान दात्याच्या चकतीवर गेल्यावर वरची पुली चकतीपासून फार खाली राहते आणि मधली चेन हलायला वेळ घेते. जपानच्या माएदा कंपनीने, म्हणजे सनटूरने, 1964 मध्येच चौकोन तिरका करून पुलीला चकत्यांच्या उतारासोबत चालवले होते. ते पेटंट 1980 च्या दशकात संपले आणि इतरांनी ती कल्पना उचलली. आज जवळजवळ प्रत्येक गियरच्या सायकलवर त्याच तिरक्या चौकोनाचा वंश आहे. तेव्हाचा सनटूर सायक्लोन दिसायला साधा आहे आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, पण हाताखाली तो अधिक शहाणा वाटतो.

शिवाय नुओव्हो रेकॉर्डची मर्यादा 26 दात्यांच्या आसपास संपते आणि ज्या क्रँकवर चेन रिंगचे बोल्ट 144 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात असतात, त्यावर 41 दात्यांपेक्षा लहान रिंग बसत नाही. उत्तर इटलीतल्या पो नदीच्या सपाट खोऱ्यात याने काही अडत नाही. पुण्यात राहून सिंहगडाचा घाट पुढे 42 आणि मागे 26 दात्यांच्या गियरवर चढू पाहणाऱ्याने मात्र आधी स्वतःच्या गुडघ्यांशी सल्लामसलत करावी.

ब्रेक देखणे आहेत, त्यांचा स्पर्श हलका आहे, आणि कोरड्या रस्त्यावर ते पुरेसे आहेत. रबर मूळचे असेल तर ते दगड झालेले असते, ते टाकून द्यावे. बसवताना पट्टीची बंद बाजू पुढे ठेवावी, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला रबर निसटून बाहेर येते. पावसात मी त्यांच्या भरवशावर उतार उतरणार नाही.

सीट पोस्ट 27.2 मिलिमीटरची आहे आणि व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली असता तितकीच भरली. ती फ्रेममध्ये घट्ट आवळली गेल्याने चेपलेली किंवा उभ्या चरांनी खरवडलेली आहे का, एवढे पाहिले की झाले. तिचे दोन बोल्ट सीटच्या पोटाखाली अशा अडचणीच्या जागी आहेत की त्यांच्यासाठी 10 मिलिमीटरचा खास वाकडा पाना लागतो. तो संचात नव्हता, आणि मी पाऊण तास साध्या पान्याने पाव-पाव फेरा देत घालवला.

पुणे-मुंबईत बसून परदेशातल्या विक्रेत्याकडून असा माल मागवणाऱ्यांनी समोरच्या फोटोंवर अजिबात समाधान मानू नये. उजव्या क्रँकच्या पाठीचा आणि बेचक्यांचा जवळून काढलेला फोटो, टोपी काढून पुलरच्या आट्यांचा, कोन बाहेर काढून त्याच्या वाटेचा, आणि डिरेलरच्या पुलींच्या दात्यांचा फोटो मागावा. कोन काढून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर हब खराब आहे असे धरूनच भाव बोलावा.

माझ्या सायकलवर आज हे हब, क्रँक, ब्रेक आणि सीट पोस्ट आहेत. डिरेलर मी मार्चमध्ये त्याच बाजारात एका संग्राहकाला 90 युरोंना विकला. त्याने पुली एकदाही फिरवून पाहिली नाही, भिंग काढून फक्त 76 हा आकडा वाचला. त्या पैशांत एक सनटूर सायक्लोन, दोन कोन, शंभर छर्रे आणि तो वाकडा पाना आला.